पिल्लाची उचकी

दिगंबरनं कुत्र्याच्या पिल्लाला पिशवीत ठेवलं. त्याच पिल्लामागे धावताना त्याची लेक केतकी ट्रकखाली आली होती. तेव्हापासून शामलनं, तिच्या आईनं, पिल्लाकडे पाहिलंही नव्हतं. “मावशींच्या मळ्यावर सोडून या,” सकाळी ती एवढंच म्हणाली होती.

दाराशी पोचताच पिल्लाला उचकी लागली. दर उचकीला एवढंसं अंग हादरत होतं.

“अहो, थांबा,” शामल आतून आली. “असं कसं न्याल?”

तिनं पिल्लाला मांडीवर घेतलं. केतकी पाजायची तसं चमच्यानं पाणी पाजलं, छाती चोळत राहिली. हळूहळू उचकी थांबली आणि पिल्लू तिथेच झोपलं. दिगंबरला वाटलं, आता ही त्याला ठेवून घेईल.

“पिशवी आणा,” ती हळूच म्हणाली. “झोपेतच न्या. जागं झालं की ते केतकीला शोधत घरभर फिरतं.”