संकलन केंद्र

आंबोली घाटाच्या तोंडाशी शलाकाच्या मोटरसायकलवरचा जीपीएस लाडात येऊन बोलला, "ताई, पान्हा फुटलाय हो तुम्हाला! डावीकडे वळा. चार किलोमीटरवर दूध संकलन केंद्र आहे."

शलाकाला शिसारी आली. बाळंतपणानंतरची ही पहिलीच लांबची फेरी, म्हणून नणंदेने हौसेने हँडलला क्लॅम्प आवळून हे यंत्र बसवून दिलं होतं. मुठीतून ते नाडी बघतं, एवढंच तिला ठाऊक होतं. संकलन केंद्र म्हशींच्या दुधाचं असतं, असं ती आजवर समजत होती.

"सावंतवाडीचाच रस्ता दाखव. लेक वाट बघतेय माझी."

"पाळण्याला विचारलं मी, ती झोपलीय. तोवर रिकाम्या होऊन जा की! सगळ्याजणी येतात."

शलाकाने गाडी कडेला घेतली, पान्याने क्लॅम्पचे चारही बोल्ट सोडवले आणि ते बोलतं यंत्र मागच्या डिकीत कोंबलं. एव्हाना जॅकेटच्या आत शर्ट भिजला होता.

"ताई, वाया चाललंय हो!" डिकीतून आवाज आला.

"चालू दे. माझ्या लेकीच्याच वाटेवर सांडतंय," ती म्हणाली आणि मैलाच्या दगडावरचं 'सावंतवाडी' वाचून तिने क्लच सोडला.