सभासद क्रमांक सहाशे बारा

"सहाशे बाराचं पुढचं द्या!" पत्रेवाले काका काउंटरवर वाकून म्हणाले आणि वाचनालयातल्या साऱ्या माना वर झाल्या.

आयुष्यभर पत्र्याच्या ट्रंका ठोकल्यामुळे काकांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. ग्रंथपाल बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, तसे ते ओशाळून हसले.

सहाशे बारा हा त्यांच्या बायकोचा सभासद क्रमांक. वीस वर्षं ती रोज दुपारी दोन ते चार इथे येऊन बसायची. काका तिला पुस्तकी किडा म्हणून चिडवायचे. "आज काय वाचलंस?" असं विचारलं की म्हणायची, "स्वतः वाचा की. मी काय आयतं भरवू?"

काकांनी कधी वाचलं नाही. ती गेल्यावर दोन महिन्यांनी मात्र ते इथे आले आणि म्हणाले, "तिनं वाचलेलं सगळं मला ओळीनं द्या."

इथल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक कोणी, कधी घेतलं, तो क्रमांक आणि तारीख तिच्यावर. काका आधी त्या ६१२वर बोट फिरवायचे, मग पहिल्या पानाकडे वळायचे.

"हे वाचून रडलो बरं का," परतीचं पुस्तक ठेवत ते म्हणाले. "यातल्या म्हाताऱ्याला बायकोचं कपाट उघडवत नाही. मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. काल आमचं उघडलं मी." मग म्हणाले, "अजून किती उरलीत हो? संपली की ती पुन्हा जाईल, असं वाटतं."

"पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या.

त्या मागच्या खोलीत गेल्या. एक जाड कादंबरी काढली, शिक्क्याची चाकं फिरवून चार वर्षांपूर्वीची तारीख लावली, चिठ्ठीवर उमटवली आणि शेजारी ६१२ लिहिलं. शाई सुकावी म्हणून फुंकर घातली. तोंडानं खोटं बोलणं बाईंना जड जायचं, शिक्क्यानं मात्र आता अंगवळणी पडलं होतं.

आठवड्यानं काका आले ते चक्क गुपचूप. काकांनी कादंबरीची चिठ्ठी उघडून समोर धरली.

"या तारखेला तिचं ऑपरेशन होतं. मी दवाखान्यात तिच्या उशाशी होतो."

बाईंचा चेहरा उतरला.

"माझी कीव आली म्हणून केलंत, कळतंय मला. रागावलो नाही. पण खरं सांगा, तिची कुठवर होती आणि तुमची कुठून?" काकांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "ते कपाटाचं तरी तिनं वाचलं होतं ना?"

"नाही, काका."

काका मटकन खुर्चीत बसले. बाई काउंटरमागून उठून त्यांच्या शेजारी आल्या.

"किती पुस्तकं झाली तुमची?"

"एकोणचाळीस."

"आता बंद करू या का?"

"छे, छे!" काका दचकले. "मग संध्याकाळी मी करू काय? जीव रमतो हो त्यात. तिच्याशी बोलल्यासारखं वाटतं."

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला.

"मग आता सांगते. शेवटच्या आजारपणात काकू एकदा आल्या होत्या. म्हणाल्या, 'माझ्यामागे हे इथे येतील, मी काय वाचलं ते विचारतील. तुमच्या पसंतीची चांगली चांगली पुस्तकं माझ्या नंबरावर द्या त्यांना. वाचनाची गोडी लागली की मगच खरं सांगा, की घरातल्या ठोकाठोकीला कंटाळून मी वीस वर्षं इथे नुसती झोपायला येत होते.'"