भट्टीचा गुरुवार

माझं सिलिकॉन फक्त गुरुवारीच ऐकायचं. उष्णता सोसणाऱ्या काचेवर त्याचा पातळ थर चढवून मी तो रोज बारा ते दोन भट्टीत सहाशे अंशांवर तापवायची. थर नीट तापला, की विस्कटलेले अणू रांगेत बसतात आणि तपकिरी काच पिवळसर, आरपार दिसणारी होते. इतर दिवशी मात्र तपकिरी ती तपकिरीच.

चार महिने मी आलेख काढले. सरांना सांगितलं, गुरुवारी विजेचा दाब स्थिर असतो. आईला सांगितलं, मी गुरुवारचा उपास धरलाय. भौतिकशास्त्रात पीएचडी करणारी बाई शेवटी दत्ताला शरण गेली.

प्रबंधाची मुदत जवळ आली तशी मला हाव सुटली आणि मी शुक्रवारीही उपास केला. त्यामुळे एक वाजता जेवायला न जाता प्रयोगशाळेतच बसून राहिले. तेवढ्यात आमचे शिपाई गव्हाणेमामा आले, त्यांनी भट्टीचं दार सताड उघडलं आणि चिमट्यात पकडलेला भाजीचा डबा धगीवर धरला.

"मामा! हे रोज करता?"

"गुरुवार सोडून. गुरुवारी उपास असतो ना माझा. पण मॅडम, तुम्ही आज जेवायला नाही गेलात?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे डब्याला झाकण लावलं.

"म्हणजे उपास फळाला आला म्हणायचा तुमचा!"