कुशीवरचा व्रण

गुऱ्हाळात उकळता रस अंगावर सांडून बसाप्पाचा हात भाजला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला व्रण घालवणाऱ्या नव्या औषधाची, मेदाम्लाची, तीन इंजेक्शनं दिली. दीड महिन्यात हात तान्ह्या पोरासारखा मऊ झाला. घरचे खूश झाले. पण एके सकाळी आंघोळ करताना त्याची बोटं कुशीवर थबकली. तिथला वीतभर व्रण नाहीसा झाला होता. बायकोला, गौराला, त्यानं आपली किडनी दिली होती, तेव्हाचा तो व्रण. त्या किडनीवर गौरा सहा वर्षं जगली आणि गेल्या साली गेली.

बसाप्पानं तडक दवाखाना गाठला आणि कुशी उघडी करून दाखवली.

"औषध रक्तातून अंगभर फिरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्रणाच्या निबर पेशींची ते मऊ चरबी करून टाकतं. नवा व्रण कुठला, जुना कुठला, त्याला काय कळणार?"

"मग तिथंच पुन्हा चीर द्या."

"दिली तरी भरून येईल, बसाप्पा. आता तुमच्या अंगावर कसलाच व्रण राहायचा नाही."

"रोज निजताना ती त्यावरून हात फिरवायची," बसाप्पा म्हणाला. "दुखतंय का, विचारायची." आणि तो तिथंच दाराशी खाली बसला.