दोन बोटांची खूण

केसरीनाथ तळ्यातून बाहेर आला आणि ओल्या अंगानंच सायकलकडे पळाला. त्याच्या बायकोनं, कमळनं, पदरानं तोंड पुसलं. पाण्याची तिला भीती नव्हतीच म्हणा. खाडीत वाढलेला माणूस, तळ्यात काय बुडतोय? भीती होती ती पुढची. सायकल मानकोली नाक्यापर्यंत नेऊन परत आणायची आणि मग तळ्याला फेऱ्या घालत पळायचं. पोहणं, सायकल, पळणं, तिन्ही एका दमात करायचं म्हणजे ट्रायथलॉन, असं मंडळाची पोरं सांगत होती. शुक्रवार होता, कापडाचे लूम बंद, त्यामुळे सगळं टेमघर गाव बघायला लोटलं होतं.

आणि त्या काटक पोरांत हा. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, शिंप्याकडून शिवून घेतलेल्या निळ्या अर्ध्या चड्डीतला. सायकलच्या कॅरिअरला कापडाचे तागे बांधायची रबरी दोरी तशीच लोंबत होती.

केसरीनाथचं एकही काम कधी तडीस गेलं नव्हतं. शाळा अर्धी, कबड्डी अर्धी, घराचा वरचा मजला अर्धा. त्याच्या सळ्यांवर कमळ कपडे वाळत घालायची. गावात त्याला ‘अर्धा केसरी’ म्हणत. आणि हे नाव ठेवलं कोणी? कमळनंच, ऐन भांडणात. शेजाऱ्यांना ऐकू गेलं नसतं तरच नवल. जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला. आवाज हळूही काढता येतो, हे दोघंही विसरून गेली होती.

त्या नावाचं तिला आता वाईट वाटायचं. पण तोंडातून गेलेला शब्द, तो काय परत येतोय?

लूमवर मात्र तो अर्धा नव्हता. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हातानं बोलायचं. अंगठा ओठाला लावला की चहा आला. हात पालथा केला की बंद कर. आणि दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला, धाव! ही खूण दिसली की केसरीनाथ भरल्या ताटावरून उठायचा. उशीर झाला की कापड वाया.

सकाळी निघताना तो म्हणाला होता, “गुडघा दुखाया लागला तर मी तुज्याकडं बघन. तू हात पालथा कर. मी थांबन.”

“आनि न्हाय केला तर?”

“करशील गो. तुला माजी काळजी हाय.”

म्हणजे उद्या गावाला सांगायला बरं, बायकोनं थांबवलं! कमळला का हे कळत नव्हतं?

सायकल झाली. पळणंही बरंचसं झालं. पोरं केव्हाच पोचून केळी खात बसली होती. शेवटच्या फेरीला रस्त्यावर एकटा केसरीनाथ उरला, डावा पाय ओढत. भोंग्यावर गाणी ढणढणत होती. मधूनच शेजारचे लूमवाले गुलाम हुसेनभाई माईकवरून ओरडत होते, “आजा केसरी, आजा भाई! थोडा ही बाकी है!”

चुन्याची शेवटची रेघ समोर दिसत होती. तिच्या अलीकडे, वडापावच्या गाडीपाशी, केसरीनाथ थांबला आणि रस्त्याच्या कडेला बसला. त्यानं रेघेपलीकडे उभ्या असलेल्या कमळला हुडकलं. मग स्वतःच हात पालथा करून भुवया उडवल्या. थांबू?

गुलाम हुसेनभाईंनी माईक बाजूला केला. “भाभी, रोको उसको. बहोत थक गया.”

मागून कोणीतरी हसलं, “अर्धा केसरी, झाला अर्धा!”

खरं सांगायचं तर कमळचा हात उठलाच होता. घामानं निथळणारा, तोंड पडलेला आपला माणूस बघून कोणाचा उठणार नाही? पालथा करायला हात पुढं झाला, आणि तिचं तिलाच काय झालं कोण जाणे, दोन बोटं बाहेर आली. तिनं ती कात्रीसारखी हलवली. एकदा. मग हात डोक्यावर नेऊन पुन्हा, जोरजोरात.

धागा तुटला!

केसरीनाथ उठला. विचार केला असता तर बसूनच राहिला असता. पण उभ्या जन्मात या खुणेवर त्यानं कधी विचार केला नव्हता. तो धावला. गुडघा, पोट, चड्डी, सगळं घेऊन धावला. पोरं केळी टाकून उभी राहिली. गुलाम हुसेनभाई “अरे, अरे, अरे!” एवढंच म्हणत राहिले. चुन्याची रेघ पायाखालून गेली तीही त्याला दिसली नाही. तो थेट कमळपुढं येऊन थडकला.

“कुठं तुटला गो?” तो ओरडला, लूमच्या शेडमध्ये ओरडायचा तसाच.

सगळं तळं हसलं. कमळ हसली नाही. तिनं त्याचा दंड धरला, त्याला वळवून मागची रेघ दाखवली. तो बघतच राहिला.

“तुटनार व्हता,” ती म्हणाली, कधी नव्हे त्या हळू आवाजात. “तुमी पोचलात.”