शशीकाकूंचं नाक

शशीकाकूंच्या नाकाखालून गेल्याशिवाय सोसायटीत शिळं कोणाच्या पोटात जात नसे. नुकताच स्वयंपाक शिकू लागलेली यामिनी कालच्या आमटीचं पातेलं आणि आपल्याला मागणी घालणारा शार्दूल, दोन्ही घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

काकूंनी आमटी हुंगली. "रात्रभर बाहेर राहिली ना? ओतून टाक."

यामिनीने पातेलं बाजूला ठेवलं. काकू आता शार्दूलकडे वळल्या. त्याला वाकवून त्यांनी मानेपाशी हुंगलं, मग कानामागे. तो बिचारा श्वास रोखून उभा.

"चांगला आहे," काकू म्हणाल्या.

यामिनीचा जीव भांड्यात पडला.

"पण आमटीसारखा रात्रभर बाहेर ठेवू नकोस."

जिना उतरताना शार्दूलने हळूच विचारलं, "तुझा फ्रिज किती लिटरचा आहे?"