आठ स्पीकरचं मॉडेल

"बाबा, बेस मॉडेल घ्यायचं का? त्यात स्पीकर नाहीत." माहितीपत्रकात डोकं घालून साक्षीनं विचारलं.

"व्हय," मागं उभे असलेले धर्मपाल म्हणाले.

"की टॉप? त्यात आठ स्पीकर आहेत. तुमची भीमगीतं काय वाजतील!"

"व्हय."

"तुमचं आपलं सगळ्यालाच व्हय!" ती वैतागली. पहिली गाडी बाबांच्या पसंतीनं घ्यायची, म्हणून तर तिनं त्यांना मुद्दाम शोरूमला आणलं होतं.

सेल्समननं पेट्रोलवाली सुरू केली.

धर्मपाल म्हणाले, "चालू करा की."

"चालूच आहे, काका!" तो खूश होऊन हसला, साक्षीही हसली. "इतकं शांत इंजिन आहे बघा."

मग त्यानं डिझेलवाली सुरू केली. "हिचा आवाज मात्र जरा जास्त आहे," तो ओशाळून म्हणाला.

धर्मपाल थोडा वेळ वाट बघत थांबले. "आता ही बी चालू करून दावा की."

या वेळी कुणी हसलं नाही.

तीस वर्षं एमआयडीसीत यंत्रमाग चालवलेल्या धर्मपालांनी, मागावर ठेवायचे तसा बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा खुलला. "चालू हाय की! हीच घिऊ."

साक्षीनं माहितीपत्रक मिटलं. ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, कधीपासून?"

धर्मपालांनी तिच्या ओठांकडे बघितलं. या वेळी मात्र ते व्हय म्हणाले नाहीत.